मोटारसायकलची खडखड नेमकी कुठून येते, हे कसे शोधावे

गाडी ठरावीक वेगाला पोहोचली की कुठूनतरी झिणझिण सुरू होते, वेग थोडा वाढवला की ती आपोआप थांबते आणि वेग कमी करताना नेमक्या त्याच ठिकाणी पुन्हा उमटते, हा अनुभव मोटारसायकल चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. गाडी मेकॅनिककडे न्यावी तर तिथे आवाज येत नाही. आलाच, तर हाताला लागतील तेवढे बोल्ट आवळून दिले जातात, दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी आवाज परत हजर होतो. अशा आवाजाला कंटाळून चांगली गाडी विकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि कारण नसताना इंजिन उघडण्याच्या खर्चात पडलेलेही पाहिले आहेत. प्रत्यक्षात या आवाजांपैकी बरेचसे घरच्या अंगणात, चार पाने (स्पॅनर), एक टॉर्च आणि दोन-तीन संध्याकाळी एवढ्या भांडवलावर सापडतात. फक्त दोन गोष्टी पाळाव्या लागतात. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो तयार होतो, असे गृहीत धरू नये. आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा, मगच पुढच्या भागाला हात लावावा.

कंपन आणि खडखड यांतला फरक

आपल्याकडच्या १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन एका सिलिंडरचे असते. पिस्टन वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, खाली जाऊन पुन्हा थांबतो, आणि या प्रत्येक उलटापालटीचा धक्का इंजिनामार्फत चासीला बसतो. इंजिन मिनिटाला ४२०० फेरे घेत असेल, तर हे धक्के सेकंदाला ७० वेळा बसतात. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटते, त्यामुळे त्याचे हिसके सेकंदाला ३५ असतात. गाडीवरचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक आरसा यांची थरथरण्याची आपापली एक गती ठरलेली असते. इंजिनाच्या धक्क्यांची गती त्या गतीशी जुळली की तो भाग एकदम जोराने थरथरू लागतो. शाळेत शिकलेला अनुनाद तो हाच. ठरावीक फेऱ्यांवर आवाज येतो आणि त्याच्या वर-खाली तो नाहीसा होतो, याचे कारण हे आहे.

यातून शोधकार्याला फार उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. एखादा भाग घट्ट आवळला की त्याची थरथरण्याची गती वाढते, आणि त्याच्यावर वजन टाकले की ती कमी होते. त्यामुळे एखादा बोल्ट आवळल्यानंतर आवाज गेला नाही, पण पूर्वी ४२०० फेऱ्यांना येणारा आवाज आता ४८०० ला येऊ लागला, तर निराश होण्याचे कारण नाही. आपला हात योग्य भागावर किंवा त्याच्या अगदी शेजारी पडला आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

हँडलला आणि फुटरेस्टला जाणवणारी थरथर वेगळी आणि कानाला ऐकू येणारी खडखड वेगळी, हेही आधी मनात पक्के करावे. थोडीफार थरथर इंजिनाच्या रचनेतच असते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात पिस्टनचे धक्के तोलून धरणारा बॅलन्सर शाफ्ट नव्हता, २०२० साली मिटिऑरबरोबर आलेल्या ३४९ सीसी इंजिनात तो आहे, आणि दोन्ही गाड्या लागोपाठ चालवल्या की हातांना फरक लगेच कळतो. जुन्या गाडीची ती थरथर बोल्ट आवळून जाणार नाही. खडखड मात्र दोन भाग एकमेकांवर आपटल्याशिवाय किंवा घासल्याशिवाय होत नाही. आपण शोधत आहोत ती ही जागा.

आवाजाला नाव द्यावे

या कामात मराठी भाषा आपल्याला मोठी मदत करते, कारण आवाजांसाठी तिच्याकडे शब्दांची कमतरता नाही. झिणझिण असेल तर पातळ पत्र्याचा संशय घ्यावा, म्हणजे नंबरप्लेट किंवा सायलेन्सरवरची उष्णतारोधक पट्टी. खुळखुळ म्हणजे पोकळ जागेत काहीतरी सुटे पडले आहे. सीटखालची टूलकिट किंवा सायलेन्सरच्या आतली निखळलेली जाळी असा आवाज करते. खडखड जड भागांची असते, उदाहरणार्थ चेन कव्हर, लेगगार्ड किंवा स्टँड. करकर बहुधा प्लास्टिक प्लास्टिकवर घासल्याची असते, भणभण टाकीसारख्या पोकळ आणि मोठ्या भागाची असते, घरघर बेअरिंगची असते, आणि घड्याळासारखी नियमित टकटक ऐकू आली तर ती इंजिनाची आहे की चाकाची, हे आधी ठरवावे लागते.

एक छोटी वही करून तिच्यात आवाजाचे नाव लिहावे, आणि त्यासमोर गिअर, वेग, इंजिन गार होते की तापलेले, मागे कोणी बसले होते का, टाकीत पेट्रोल किती होते आणि रस्ता कसा होता, हे टिपून ठेवावे. यातल्या काही नोंदी लिहिताना निरर्थक वाटतात. तरीही त्या लिहाव्यात, हे मी स्वानुभवावरून आग्रहाने सांगतो. तो अनुभव पुढे येईलच.

आवाज इंजिनाचा, चाकाचा की खड्ड्याचा

पहिला निवाडा एवढाच करायचा आहे की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, की रस्त्याच्या हादऱ्यांबरोबर. गाडी मोकळ्या जागेत डबल स्टँडवर लावावी, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करावे आणि ॲक्सिलरेटर अगदी सावकाश वाढवत न्यावा. रस्त्यावर येणारा आवाज इथेही आला, तर चाके, चेन आणि ब्रेक यांच्यावरचा संशय एका झटक्यात दूर होतो. आला नाही, तर पुढची चाचणी रस्त्यावर घ्यावी. सकाळच्या वेळी, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, आवाज येत असलेल्या वेगाला क्लच दाबावा आणि इंजिन आयडलवर येऊ द्यावे. आवाज तात्काळ थांबला, तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. गाडी हळू होत जाईल तसा आवाजही संथ होत गेला, तर तो चाकाकडचा आहे. ही चाचणी घेताना चालत्या गाडीचे इंजिन बंद करू नये, आणि चाचणीच्या नादात रस्त्यावरची नजर हटू देऊ नये.

ज्या गाड्यांना इंजिनाचे फेरे दाखवणारे आरपीएम मीटर नाही, त्यांच्यासाठी गिअरचा उपयोग होतो. आवाज तिसऱ्या गिअरमध्ये ३५ ला, चौथ्यात ४५ ला येत असेल, म्हणजे गिअर बदलला की आवाजाचा वेगही बदलत असेल, तर तो इंजिनाचा मानावा. कोणत्याही गिअरमध्ये ४५ लाच येत असेल, तर चाकाचा मानावा. आणखी एक शक्यता अशी की आवाज उभ्या गाडीवर येत नाही, क्लच दाबला की जातो, पण चढावर किंवा दोघे बसलेले असताना वाढतो. इंजिनावर जोर आला की ते आपल्या माउंटिंगवर किंचित पिळते, आणि त्या वेळी सायलेन्सरचा बेंड पाइप, लेगगार्ड किंवा एखादी केबल दुसऱ्या भागाला टेकते. असा आवाज अंगणात सहसा ऐकू येत नाही, म्हणून गार झालेल्या गाडीवर टॉर्च घेऊन घासल्याच्या खुणा शोधाव्या लागतात.

शोधाला हात घालण्यापूर्वी गाडीवरून जे जे उतरवता येईल ते उतरवून ठेवावे. टूलकिट, पाण्याची बाटली, मोबाइलचा होल्डर, साइड बॉक्समधला रेनकोट आणि कुलूप आधी काढावे. किल्ल्यांचा जुडगाही विसरू नये. इग्निशनच्या किल्लीला घराच्या चार किल्ल्या अडकवलेल्या असल्या, तर त्या हँडलच्या धातूवर आपटतात आणि तो आवाज थेट स्पीडोमीटरमधून आल्यासारखा वाटतो. एकटी किल्ली लावून एक फेरी मारून यावी. पुष्कळांचा शोध इथेच संपतो.

हाताने दाबून पाहणे

आवाज उभ्या गाडीवर येत असेल, तर एका माणसाची मदत घ्यावी. त्याने ॲक्सिलरेटर नेमक्या त्या फेऱ्यांवर स्थिर धरावा आणि आपण एकेक भाग तळहाताने दाबत जावे. ज्या भागावर हात ठेवताच आवाज थांबतो किंवा त्याचा सूर बदलतो, तो भाग गुन्हेगार आहे किंवा गुन्हेगाराच्या शेजारी राहणारा आहे. हे काम उघड्यावरच करावे, कारण बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. गाडी न्यूट्रलमध्येच असावी, ओढणी, मफलर किंवा सैल बाही चेनजवळ जाऊ देऊ नये, आणि हवेने थंड होणारे इंजिन उभ्या गाडीवर एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त जोरात फिरवू नये. सायलेन्सरला हात न लावता लाकडी दांडक्याचे टोक टेकवून दाब द्यावा.

हाताने नीट कळत नसेल तेव्हा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर कामाला येतो. त्याचे टोक बोल्टवर किंवा ब्रॅकेटवर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. हवेतून येणारा बाकीचा गोंगाट बाजूला पडतो आणि त्या एका ठिकाणचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. टाकी, हेडलाइटची वाटी आणि बाजूची पॅनेल हे सगळे पोकळ भाग आहेत. तबल्याच्या पुडीवर बोट पडते पण घुमते ते खालचे पोकळ खोड, तसे दुसरीकडे जन्मलेला आवाज हे भाग मोठा करून ऐकवतात. स्क्रू ड्रायव्हर ही फसवणूक बरीच कमी करतो. चेन, चाक आणि फिरणाऱ्या कोणत्याही भागापासून मात्र तो दूर ठेवावा.

आता तो अनुभव. माझ्याकडे १५० सीसीची गाडी आहे. एका सर्व्हिसिंगनंतर तिच्या टाकीतून ४२०० फेऱ्यांना भणभण येऊ लागली, तिसऱ्या गिअरमध्ये ३८ च्या आसपास, चौथ्यात ४८ ला आणि पाचव्यात ५७ ला. मी तीन वेळा मेकॅनिककडे गेलो. पहिल्या खेपेला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट झाले, दुसऱ्या खेपेला चेन सेट बदलला गेला आणि तिसऱ्या खेपेला, एका सिलिंडरच्या गाडीत एवढा आवाज असायचाच, असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी वही सुरू केली. तीन आठवड्यांच्या नोंदींत एकच गोष्ट डोळ्यांत भरली, ती म्हणजे आवाज न आलेले सगळे दिवस टाकी पूर्ण भरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस होते. पंधरा लिटर पेट्रोलचे वजन साधारण ११ किलो भरते. म्हणजे टाकी जड असताना जागेवर दबून बसत होती आणि हलकी झाली की उडत होती.

सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सैल केला आणि टाकीचे पुढचे टोक बोटभर उचलून टॉर्च मारली. टाकीच्या पुढच्या बाजूला, चासीच्या दोन्ही अंगांना एकेक जाड रबरी बुश असतो आणि टाकीची खाच त्याच्यावर सरकून बसते. उजवीकडचा बुश होता, डावीकडचा नव्हता. डाव्या बाजूला चासीचा काळा रंग नखाएवढ्या जागेत पूर्ण उडाला होता आणि आतले लोखंड नव्या नाण्यासारखे चकाकत होते. टाकी कधीतरी उतरवली गेली, तेव्हा तो बुश गळून पडला असणार. मी लगेच नवीन बुश आणायला गेलो नाही; आधी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी दोनदा दुमडून तिथे ठेवली आणि गाडी फिरवून आणली. भणभण पूर्ण थांबली. मग दुसऱ्या दिवशी बुश आणला, त्याला दोन कप चहाएवढेच पैसे पडले. खात्री होण्यापूर्वी पैसे खर्च करायचे नाहीत, ही सवय मला त्या गाडीने लावली.

टाकीचे काम करायचे तर दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून आणि पाइप काढूनच टाकी उतरवावी, आणि जवळपास विडी-सिगारेट, देवघरातला दिवा किंवा वेल्डिंग नसावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन आहे, तिथे पंप टाकीच्या आत असतो आणि पाइपमधले पेट्रोल दाबाखाली असते. अशा गाडीत टाकी थोडी उचलून टॉर्चने पाहण्यापुरतेच काम घरी करावे आणि पाइप सोडवण्याचे काम जाणकारावर सोपवावे.

पुढून मागे एक फेरी

बाकीच्या जागा पुढून मागे एकदा क्रमाने पाहून घ्याव्यात. पुढची नंबरप्लेट ही सध्याची मोठी संशयित आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाल्यापासून ही एक मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पाटी लाखो जुन्या ब्रॅकेटांवर बसली आहे. ब्रॅकेट वाकडे असेल तर पाटीची टोके अधांतरी राहतात आणि झिणझिणतात. या पाटीचे लॉक तोडून ती काढू नये. पाटी आणि ब्रॅकेट यांच्या फटीत मागच्या बाजूने दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपचा तुकडा सरकवला की पुरते. त्यानंतर हेडलाइटचे व्हायजर, स्पीडोमीटरच्या खालचे रबर आणि आरशांचे चेकनट पाहावेत. ब्रेकच्या आणि क्लचच्या लिव्हरवर गाडी चालवताना एक बोट हलके टेकवून ठेवावे. आवाज थांबला तर लिव्हरच्या बोल्टचे भोक झिजले आहे, तिथे ग्रीस लावावे किंवा पातळ वॉशर घालावा.

मधल्या भागात बाजूची पॅनेल रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यात, खुंटी दाबून बसवलेली असतात. ही ग्रोमेट उन्हाने कडक होतात आणि पॅनेल टपटपू लागते. बॅटरीचा पट्टा ढिला असेल तर खड्ड्यात बॅटरी उडते. हा आवाज लहान असला तरी दुर्लक्ष करू नये, कारण सैल टर्मिनलमुळे गाडी वाटेत बंद पडू शकते. लेगगार्ड बाहेरून बसवलेला असेल तर तो पूर्ण काढून एक फेरी मारावी. एवढ्या लांब वाकवलेल्या नळीला थरथरायला भरपूर वाव असतो, आणि ती इंजिनाच्या माउंटिंग बोल्टवरच कसलेली असेल तर तिच्यामुळे तो बोल्टही हळूहळू सैल होतो.

मागच्या बाजूला साडी गार्ड, सीटचे लॉक, मागचे मडगार्ड आणि चेन कव्हर यांवर हात ठेवून पाहावे. साडी गार्ड फार आवाज करतो म्हणून कायमचा काढून टाकणारे पुष्कळ आहेत, ते मला मुळीच पटत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये मागचे किमान अर्धे चाक झाकणारे संरक्षण सांगितलेले आहे, आणि ते आपल्याच घरच्या माणसांसाठी आहे. गार्डच्या प्रत्येक पट्टीमागे ट्यूबचा तुकडा आणि बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातला की तो शांत होतो. डबल स्टँड वर गेल्यावर ज्या रबरावर टेकतो ते रबर झिजले असेल, तर स्टँड सायलेन्सरवर आपटतो; तिथे दोघांच्याही अंगावर चकाकणारा डाग सापडतो.

सायलेन्सरकडे थोडा अधिक वेळ द्यावा. वरच्या उष्णतारोधक पट्टीचे स्क्रू तापून-गार होऊन सैल होतात आणि त्यांच्या खालचे वॉशर हरवतात. तिथे रबर चालत नाही, वितळते. स्टीलची जुबली क्लिप (स्क्रूने आवळता येणारे पट्टीचे कडे) घालून पट्टी आवळणे हा चांगला तात्पुरता उपाय आहे. बेंड पाइप जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे काजळीचा काळा पट्टा दिसला आणि गार इंजिन सुरू करताच फटफट असा आवाज आला, तर गॅस्केट गेलेले आहे. ते नवेच घालावे. तिथले गंजलेले नट जोर लावून फिरवू नयेत. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, कारण स्टड तुटला तर हेडचे आटे पुन्हा करून घेण्याची वेळ येते. सायलेन्सर गार असताना त्याला बाहेरून रबरी हातोड्याने हलके ठोकावे. आतून खुळखुळ आली तर जाळी सुटली आहे, आणि ते काम बाहेरून होण्यासारखे नाही.

चाक, चेन आणि ब्रेक

आवाज वेगाशी बांधलेला निघाला, तर सोप्या चाचणीपासून सुरुवात करावी. आवाज चालू असताना ब्रेक अगदी हलका लावावा. आवाज लगेच थांबला तर डिस्कचे पॅड कॅलिपरमध्ये खुळखुळत आहेत. त्यांना दाबून धरणारी पातळ स्प्रिंग पॅड बदलताना बऱ्याचदा परत बसवली जात नाही. १८ इंची चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण ९ फेरे घेते, त्यामुळे चाकाची टकटक इंजिनाच्या मानाने फारच संथ असते आणि थोड्या सरावाने ती कानाने वेगळी काढता येते. तारांचे चाक असेल तर प्रत्येक तारेवर स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारावी. ताणलेली तार टणत्कार करते, ढिली तार बद्द वाजते.

गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक वर आणि खाली धरून दोन्ही हातांनी हलवावे. खेळ जाणवला तर तो चाकाच्या बेअरिंगचा आहे की चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, बुशचा, हे पाहण्यासाठी दुसऱ्या माणसाला चिमटा घट्ट धरायला सांगावे. पुढच्या बाजूला ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलावी. हँडलच्या मुळाशी कट्ट असा धक्का जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग, सैल झाला आहे. तो आवळून घ्यावा, आणि हँडल मधोमध आल्यावर अडकल्यासारखे वाटत असेल तर बदलावा. सैल कोनसेट घेऊन वेगात जाणे धोक्याचे आहे.

चेनचा झोल गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि या वर्गातल्या गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. तो एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते, आणि लोंबता भाग चेन कव्हरवर आपटतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा देताना मागून धडधड येत असेल, तर मागच्या हबमधली रबरे संपली आहेत, असे बहुतेक वेळा निघते.

आवळावे किती

सापडलेला बोल्ट जमेल तितका जोर लावून आवळणे हा नव्या आवाजाचा पाया असतो. ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टला सुमारे १० न्यूटन मीटर पुरतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ लागतात. इंजिन माउंटिंगचे आकडे पुस्तिकेतूनच घ्यावेत आणि ते काम किती जोर लागला हे दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच करावे. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की पुन्हा करून घेतल्याशिवाय ते बोल्ट नीट धरत नाहीत. वारंवार सैल होणाऱ्या बोल्टला निळे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावावे. लाल थ्रेडलॉक नको, ते सोडवायला बोल्ट तापवावा लागतो. प्लास्टिकच्या पॅनेलमधल्या स्क्रूला कोणतेच थ्रेडलॉक लावू नये, कारण त्याने काही प्लास्टिकला तडे जातात. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) किंवा रबरी वॉशर वापरावा.

इंजिनाच्या आतले आवाज या शोधाच्या कक्षेबाहेरचे आहेत, पण ते ओळखता यायला हवेत. गार इंजिनावर वरून येणारी हलकी, नियमित टकटक टॅपेटची असू शकते, आणि ती सेट करता येते. उजव्या किंवा डाव्या बाजूने साखळी खळखळल्यासारखा आवाज येत असेल, तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर तपासून घ्यावा. जोर दिल्यावर खालून जड ठोके पडू लागले, किंवा आवाजाबरोबर गाडीची ओढ कमी झाली, तर गाडी तिथेच थांबवावी, ऑइलची पातळी पाहावी आणि पुढे चालवत न नेता उचलून न्यावी. वीस किलोमीटर रेटल्याने बेअरिंगचे काम अख्ख्या क्रँकवर जाते.

मेकॅनिककडे जाण्याची वेळ आली तर "गाडी आवाज करते" एवढेच सांगू नये. तापल्यावर, चौथ्या गिअरमध्ये ४८ ला, टाकी अर्धी असताना भणभण येते, क्लच दाबला की थांबते, असे सांगावे, आणि शक्य झाल्यास त्यांना मागे बसवून तो आवाज ऐकवून आणावे. कुशल मेकॅनिकला एवढ्या वर्णनावर अर्धे उत्तर मिळते, आणि आपलेही अनावश्यक सुट्या भागांचे पैसे वाचतात.

काम झाल्यावर आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गाडी धुताना त्या रेघा पाहाव्यात. रेघ सरळ असेल तर बोल्ट हललेला नाही. मधे तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील, तर तो बोल्ट काढून त्याचे आटे आणि त्याखालचा वॉशर तपासावा.